शेवटचं हसलो ती जागा

मी विनोदी माणूस नाही. खात्री करून घ्यायची असेल तर पिंप्राळ्याला आमच्या घरी या आणि आमच्या सौभाग्यवतींना विचारा. त्या सांगतील की हा माणूस घरात पेपरामागून फक्त दोनदा तोंड काढतो, चहा आला की आणि चहा संपला की. "तुमच्या पोरींना एकदा राहायला बोलवा, म्हणजे त्यांना कळेल त्यांचे सर किती हसवतात ते," असं त्या मला वर्षानुवर्षं ऐकवत आल्या आहेत.

पण मैदानावर मी बोलतो. जळगावच्या एका शाळेत मी पीटीचा मास्तर होतो आणि मुलींना बास्केटबॉल शिकवायचो. नोकरी संपली, पण सकाळी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर जायचं काही सुटलं नाही. तिथे मी सतत काहीतरी गंमत करत असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की काय निवांत माणूस आहे हा. खरं सांगतो, मी निवांत कधीच नसतो. मॅचच्या आदल्या दिवसापासून ऍसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी शर्टाच्या खिशात असते. हरण्याची भीती म्हणाल तर ती फारशी नाही, हरायची मला चांगली सवय आहे. भीती असते ती दुसऱ्यांच्या मुली घेऊन परगावी जायची. आईबाप सकाळी अंधारात मुलीला गाडीत बसवतात, माझ्याकडे बघून मान हलवतात आणि निघून जातात. ते मान हलवणं दिवसभर माझ्या मानेवर बसलेलं असतं.

घाबरणाऱ्या माणसापुढे दोनच रस्ते असतात, ओरडायचं नाहीतर गमती करायच्या. सुरुवातीला मी ओरडून पाहिलं. पोरींच्या हातून बॉल सुटायला लागला. मग गमती सुरू केल्या.

लोकांना वाटतं, टाइम-आउट घेतला की कोच काहीतरी मोठी युक्ती सांगतो. टाइम-आउट असतो एका मिनिटाचा. त्यातला निम्मा वेळ पोरी धापा टाकण्यात घालवतात, उरलेला पाणी पिण्यात. कानावर पडतं ते एखादंच वाक्य. ते वाक्य 'डावीकडून कट मार' असेल तर ती पोरगी मैदानात जाऊन डावी कोणती ते आठवत बसते. ते वाक्य तिला हसवणारं असेल तर खांदे सैल पडतात आणि डावी-उजवी आपोआप सुचते. एवढीच माझी विद्या. आणि अजून एक, मॅच चालू असताना मी बॉलकडे फारसा बघत नाही. बॉल सगळेच बघतात. मी बघतो की कुठली पोरगी गप्प झाली आहे.

आमची हजेरीसुद्धा अशीच. नावं घेऊन हजेरी घेतली की पोरी 'येस सर' म्हणून पुन्हा झोपतात. म्हणून मी प्रत्येकीला एकेक पदार्थ वाटून दिला. आमची कॅप्टन सारिका म्हणजे शेवभाजी. मी गाडीत बसताना ओरडायचो, "शेवभाजी?" ती ओरडायची, "झणझणीत सर!" नशिराबादची एक मुलगी खिचडी होती, तिचं उत्तर "मऊ आहे सर!" आणि वनिता म्हणजे भरीत. "भरीत?" म्हटलं की तिने म्हणायचं, "तेल सुटलं सर!" आपल्याकडे भरताला तेल सुटलं म्हणजे ते जमलं, हे मी वाचकांना सांगायला नको. ज्यांना सांगावं लागेल त्यांनी एकदा जळगावला यावं.

दुसरा एक नियम होता, हरवण्याचा. परगावच्या मैदानाचं नाव पोरींना माहीत नसतं, कुठलं गेट कुठे उघडतं तेही नसतं. शाळेच्या मुलींकडे तेव्हा फोनही क्वचित असायचे, ज्यांच्याकडे होते त्यांचे मी सामन्याच्या दिवशी घरी ठेवायला लावायचो. म्हणून मी सांगून ठेवलं होतं, "हरवलात तर आम्हाला शोधत फिरू नका. आपण शेवटचं पोट धरून जिथे हसलो तिथे जाऊन बसा. मी येतो." माणूस रस्ता विसरतो, हसलेली जागा विसरत नाही, असा माझा हिशेब. दीपनगरच्या कॉलनीत एकदा एक मुलगी चुकली होती, ती बरोबर गोळेवाल्याच्या गाडीपाशी सापडली. जिभा लाल-हिरव्या करून आम्ही तिथेच हसलो होतो. तेव्हापासून या नियमाचा मला जरा गर्वच झाला.

आता वनिताबद्दल. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली. पावसाच्या भरवशाची थोडी शेती, चार भावंडं. ती जळगावला होस्टेलमध्ये राहायची. उंच नव्हती, पण तिच्या हातातून बॉल सुटला की तो जायला हवा तिथेच जायचा. तिचे वडील सुकलाल नाना तिला सोडायला आले तेव्हा मैदानाच्या कडेला चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, "नाना, हे मैदान आहे, चपला घाला." ते अहिराणीत म्हणाले, "पोर आठे शिकस ना सर, मंग ऱ्हाऊ द्या." जाताना माझा हात धरून म्हणाले, "खेळाले मनी ना नही. पन गावोगाव लई जाशात, तं जशी लई ग्यात तशीच लई या." नेली तशी परत आणा, एवढंच त्यांचं मागणं.

त्यांच्या घरात एकच फोन होता, नानांचा. प्रत्येक मॅचच्या संध्याकाळी त्यावरून ते मला फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, जितनात का?" मी म्हणायचो, "नाना, समोरच्यांना दया आली म्हणून जिंकलो." नाना मोठ्याने हसायचे. गावात पारावर बसून माझ्या गमती सांगायचे, असं वनिता म्हणायची.

त्या दिवशी आम्ही धुळ्याला होतो. थंडी सरत आली होती. सकाळी लवकर पोहोचलो म्हणून मैदानापासून थोडं लांब, आग्रा रोडच्या बाजूला एका रसवंतीवर थांबलो. पोरी घाबरल्या होत्या, मी त्यांच्यापेक्षा जास्त. मी रसवंतीवाल्याला म्हटलं, बाजूला हो, आज मी फिरवतो. वाकून ऊस सारायला गेलो तर गळ्यातल्या शिट्टीची दोरी चरकात अडकली. मी मान मागे ओढून घेतली म्हणून वाचलो, दोरी तुटली आणि शिट्टी उसाबरोबर आत गेली. पलीकडून चपटी होऊन चोथ्यात पडली. रसवंतीवाला शांतपणे म्हणाला, "हिना काही रस निंघाव नही." पोरी खाली बसून हसल्या. वनिताच्या तर नाकातून रस आला.

मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. अगदी शेवटी आम्ही एका पॉइंटने मागे होतो आणि वनिताला दोन फ्री थ्रो मिळाले. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्री थ्रो म्हणजे सगळ्यांनी थांबायचं आणि एकीने एकटीने बास्केटकडे बॉल टाकायचा. कोणी आडवं येत नाही, कोणी धक्का देत नाही. म्हणून तो सोपा असतो आणि म्हणूनच अवघड असतो. वनिता सरावात डोळे मिटून टाकायची. त्या दिवशी पहिला रिंगला लागून बाहेर आला. दुसरा रिंगलाही लागला नाही. आम्ही हरलो.

पोरी रडायला लागल्या. मीही तेच करणार होतो, म्हणून घाईघाईने म्हटलं, "चला गं, बरं झालं. ती ट्रॉफी बघितलीत का, केवढी मोठी आहे? गाडीत ठेवायला जागा नव्हती." पोरी हसल्या. वनिता बुटांकडे बघत उभी होती.

सामान भरलं. पोरी गाडीत चढल्या. मी पुढे ड्रायव्हर गजूभाऊंच्या शेजारी बसलो आणि हजेरी घेतली. "शेवभाजी?" "झणझणीत सर." "खिचडी?" "मऊ सर." आवाज पडलेले होते. "भरीत?" जरा थांबून मागून बारीक आवाज आला, "तेल सुटलं सर." आवाज मला वेगळा वाटला. मी वळून बघितलं, मागच्या कोपऱ्यात शालीखाली कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं दिसलं. रडून घसा बसला असेल, म्हटलं, राहू दे एकटीला. गाडी सुटली.

वाटेत पारोळ्याला चहाला थांबलो. सारिकाने चहाचा कप घेऊन मागे जाऊन हाक मारली, मग अगदी हळू शाल उचलली. खाली बॉलची पिशवी होती.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. "सर, उत्तर मी दिलं होतं," ती म्हणाली. "ती रडतेय असं वाटलं. तिला बोलायला लागू नये म्हणून मी..." पोरींमध्ये ही रीत होती, एखादी झोपली असेल, रुसली असेल, तर शेजारणीने तिच्या आवाजात उत्तर द्यायचं. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. आणि रडणाऱ्या मुलीच्या अंगावरची शाल कोणी ओढून बघत नसतं. कुणाची चूक म्हणून बोट दाखवावं असं त्यात कोणीच नव्हतं. पण वनिता धुळ्याला होती, एकटी, आणि दिवस मावळत होता.

गजूभाऊंनी न सांगता गाडी वळवली. मी स्पर्धेच्या आयोजकांना फोन लावला. त्यांनी शिपायाला मैदानावर पाठवलं आणि थोड्या वेळाने कळवलं, "सर, मैदानात कोणी नाही. गेटला कुलूप लावलंय." त्यानंतर रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक मला आडवा येतोय असं वाटायला लागलं. पंधरा वर्षांची पोरगी, खिशात पैसे नाहीत, फोन नाही, मॅच आपल्यामुळे हरली असं डोक्यात घेतलेली. मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. मी एकही गंमत करत नव्हतो, आणि त्यामुळे मागे पोरी जास्तच घाबरल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. सुकलाल नाना.

उचलू नये असं वाटलं. मग वाटलं, नाही उचलला तर कधीच उचलता येणार नाही. "सर, जितनात का?" नाना म्हणाले.

"नाना, ऐका. वनिता गाडीत नाही. धुळ्याला मागे राहिली. आम्ही तिला आणायला परत चाललोय."

पलीकडून आधी खोकल्याचा आवाज आला. मग नाना हसले. नेहमीसारखेच, मोठ्याने. "सर, तुमी बी ना! तुमनी गंमत करानी सवय काही जावाव नही!"

"नाना, मी गंमत करत नाहीये."

"बरं बरं. सापडनी म्हंजे फोन करा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फोन हातात धरून मी तसाच बसलो. आयुष्यभर ज्या गमतींच्या आडून मी भीती झाकली, त्यांनी आज माझं खरं बोलणंसुद्धा खोटं पाडलं होतं. पोरगी सापडली नाही तर या माणसाला मी दुसरा फोन कोणत्या तोंडाने करणार होतो?

मग मला माझाच नियम आठवला. मागे वळून विचारलं, "आपण शेवटचं कुठे हसलो?"

पोरी एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली मैदानाच्या दारात, ट्रॉफीच्या वेळी. दुसरी म्हणाली नाही, गाडीत सामान भरताना सर पायरीवर आपटले तेव्हा. सारिका म्हणाली, दुपारी डबे खाताना. प्रत्येकीचं बरोबर होतं आणि मला काही उपयोग नव्हता. मी इतक्या ठिकाणी इतकं हसवत सुटलो होतो की शेवटची जागा कोणती ते मलाच ठरवता येईना. मैदानाला तर कुलूप होतं.

मी डोळे मिटले आणि दिवस उलटा आठवायला लागलो. गमती सोडून फक्त वनिताचा चेहरा. ट्रॉफीच्या वेळी ती बुटांकडे बघत होती. शेवटच्या टाइम-आउटमध्ये सगळ्या हसल्या, ती बाटलीचं झाकण फिरवत होती. दुपारी डबा तिने सारिकाला दिला होता. सकाळी मैदानात शिरताना ओठ घट्ट मिटलेले. त्याच्याआधी? त्याच्याआधी रसवंती. नाकातून रस.

"गजूभाऊ, मैदानावर नको, रसवंतीवर घ्या," मी म्हटलं. सारिका म्हणाली, "सर, ती तिथे नसली तर?" नसली तर काय, ते मला माहीत नव्हतं.

आग्रा रोडला वळलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. रसवंतीच्या चरकावर गोणपाट टाकलेलं दिसलं, म्हणजे दुकान बंद. मग गोणपाटाच्या बाजूला, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर, बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली वनिता दिसली. रसवंतीवाला सायकल धरून शेजारी उभा होता. मी आलेलो बघून म्हणाला, "उनात का? कव्हयनी बठी शे. एकलीले टाकीसन कसा जाऊ मी?" आणि आभार मानायच्या आत तो सायकलवर बसून गेलासुद्धा.

सामान भरत असताना वनिता मैदानाच्या मागच्या नळावर तोंड धुवायला गेली होती. परत आली तर गाडी नव्हती. मग ती सरळ चालत इथे आली. तिच्या हातात माझी चपटी शिट्टी होती, चोथ्यातून शोधून धुतलेली.

मी तिच्यापुढे उभा राहिलो. मैदानावर कधी बंद न पडलेलं माझं तोंड त्या क्षणी बंद पडलं. वनिता इतका वेळ शांत बसली होती, पण माझ्याकडे बघता बघता तिचे डोळे भरले.

"सर, काहीतरी बोला ना," ती म्हणाली. "इतला येळ माले भ्या नही वाटनं. तुमी बोलतस नही तं आते वाटी राह्यनं."

"सरक जरा," मी म्हटलं. "मला बसू दे. पाय उभे राहत नाहीत."

मी खरं तेच बोललो होतो. ती हसली. मी खोक्याच्या अर्ध्या भागावर बसलो, आणि गाडीतून उतरलेल्या पोरी तिच्या गळ्यात पडल्या.

नानांना फोन लावला, तिच्या हातात दिला. नानांनी तिला एवढंच विचारलं, "जेवनी का?" मॅचचं विचारलंच नाही.

त्यानंतर हजेरीची पद्धत बदलली. पदार्थ तेच ठेवले, पण मी पुढे बसून ओरडत नाही. मागे जातो आणि प्रत्येक पदार्थाचं तोंड बघून येतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वनिता स्वतः पीटीची शिक्षिका आहे. मधल्या काळात नाना भेटले की मी पोर हरवल्याची थाप मारली, असा हा किस्सा चारचौघांत सांगायचे, "सर म्हने पोर हरायनी!" आणि मांडीवर थाप मारून हसायचे. दर वेळी मी हसण्यात सामील व्हायचो आणि खरं सांगायचं राहून जायचं. वनितानेही घरी सांगितलं नसावं, असं मी धरून चाललो होतो. यंदा वनिताने गावाकडे जेवायला बोलावलं. अंगणात खाटेवर नाना आणि मी, पुढे ताटं. या वेळी मी ठरवून गेलो होतो.

"नाना," मी म्हटलं, "ती गंमत नव्हती. ती खरंच मागे राहिली होती. तुम्हाला हे एकदा खरं कळायला हवं."

नाना भाकरी मोडत होते. वर न बघता म्हणाले, "माले मालूम व्हतं सर."

मी विचारलं, "मग हसलात का?"

"त्या रोज तुमना आवाज कापी राह्यना व्हता. तुमी गंमत करतस तव्हय तुमना आवाज कापस नही." त्यांनी घास खाली ठेवला. "मी रडनू अस्तू तं तुमी माले समजाडत बसतात. मंग पोर कोन सोधतं?"

आतून अक्का, वनिताची आई, तवा उतरवत त्या संध्याकाळचं सांगू लागल्या, "यास्नी फोन ठेवा आनि याच खाटवर बसनात. चहा दिन्हा, तो थंडा व्हयी ग्या. तुमना फोन उना तव्हय उठनात."

नानांनी माझ्या ताटात भरताचा आणखी एक डाव वाढला आणि म्हणाले, "जेवा सर. आनि तेल सुटनं का नही ते सांगा."

आधी वनिता हसली. मग अक्का, मग नाना, आणि मग मी, डोळे पुसत. त्या खाटेवरून उठण्याआधी मी ती जागा नीट बघून घेतली. दाराशी पाण्याची टाकी, पलीकडे गोठा, मागे सातपुड्याची रेघ. कधी हरवलोच तर मी तिथे जाऊन बसणार आहे.